हुरहुरीचा मुलूख: स्वीडनचे नवे अल्बम कोणत्या कानाने ऐकावेत

स्वीडनचं संगीत म्हटलं की आधी आठवतो तो 'अ‍ॅबा' हा पॉप बँड. चकचकीत कपडे, टाळ्या, सगळ्यांना पाठ असलेलं धृपद. मीही शाळेत असताना मावशीकडच्या कॅसेटवर त्यांना ऐकलं आणि पुढे कित्येक वर्षं हे आनंदाचं संगीत आहे असंच धरून चालले होते. मग एका संध्याकाळी भांडी घासता घासता त्यांचं एक जुनं गाणं लावलं. इयरफोनचा एक कान बिघडलेला होता, त्यामुळे ताल कुठेतरी मागे गेला आणि दोघींचे आवाज तेवढे पुढे आले. हात थांबले. या बाया नाचत नव्हत्या, कुणाला तरी निरोप देत होत्या.

स्वीडिश भाषेत 'वेमूद' असा एक शब्द आहे. तो दुःखाला वापरत नाहीत, निराशेलाही नाही. काहीतरी सरत चाललंय, ते सुंदर होतं आणि आपण ते धरून ठेवू शकत नाही, अशा वेळी आत जे हलतं ते वेमूद. इंग्रजीत हा शब्द सांगायला दोन ओळी लागतात. मराठीत एक शब्द पुरतो: हुरहूर.

माझं म्हणणं असं, की स्वीडनचा पॉप घ्या, जाझ घ्या, मेटल घ्या, नाहीतर चर्चच्या ऑर्गनवर वाजवलेलं काही घ्या, या सगळ्यांच्या तळाशी हीच हुरहूर असते. प्रत्येक प्रकारात ती वेगळ्या कारागिरीने घडवलेली असते, एवढंच. ती कारागिरी एकदा कानाला कळली की अनोळखी नावांची भीती वाटत नाही. म्हणून इथे २०१९ नंतरचे काही अल्बम सुचवते आहे आणि त्यांत ती हुरहूर कशी बनते तेही सांगते आहे.

सुरुवात हवामानापासून करू. स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, आकाश निळसर राहतं. आणखी उत्तरेला गेलं तर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही. 'अ‍ॅबा'चे संगीतकार बेनी अँडरसन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतला एक मोठा सन्मान स्वीकारताना हेच सांगितलं होतं: आमचा मुलूख उदासीच्या पट्ट्यात येतो आणि ती उदासी आमच्या गाण्यांत उतरते. तिथे उन्हाळा आला की तो संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

आता पॉप. इथली युक्ती तशी सोपी आहे. सा, शुद्ध गंधार आणि पंचम एकत्र वाजवले तर कानाला मोकळं, उजेडाचं वाटतं. त्याच जागी गंधार कोमल केला की उजेड कलतो. पाश्चात्त्य संगीतात यालाच मेजर आणि मायनर म्हणतात. जगभर नाचायची गाणी बहुतेकदा शुद्ध गंधाराच्या बाजूला झुकतात. स्वीडिश गीतकारांनी मात्र नाचायला लावणारा ताल घेतला आणि त्यावर कोमल गंधाराची, आपल्या आसावरी थाटाच्या वळणाची धून बसवली. पाय एक सांगतात, कान दुसरंच. त्या दोहोंच्या मधल्या फटीतून हुरहूर आत शिरते.

'अ‍ॅबा'चा 'व्हॉयेज' ५ नोव्हेंबर २०२१ रोजी आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल ४० वर्षांनी. त्यातलं दुसरं गाणं, 'व्हेन यू डान्स्ड विथ मी', आवर्जून ऐका. गावातली एक बाई, गाव सोडून गेलेला तिचा जुना मित्र, आणि मागे जत्रेतल्या नाचासारखी गरगरणारी धून. गाणाऱ्या आग्नेथा तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या आणि फ्रीडा ७५ च्या. आवाज खाली उतरलेत, कडेला किंचित खरखर आली आहे, आणि या गाण्यात ती खरखर अगदी जागच्या जागी बसते. बेनी लहानपणी आधी अ‍ॅकॉर्डियन शिकले, वडील आणि आजोबाही तेच वाजवायचे. लोकसंगीतातली ती गिरकी त्यांच्या हातातून कधी गेलीच नाही.

नव्या पिढीतून पॉप गायिका झारा लार्सनचा 'मिडनाइट सन' घ्या, सप्टेंबर २०२५ चा. दहाच गाणी. नावातच तो न मावळणारा सूर्य आहे. वरवर बघाल तर समुद्र, मैत्रिणी, घाम, चमचम. पण शीर्षकगीत नीट ऐकलं की कळतं, ही उन्हाळ्याच्या मध्यावर उभी असलेली मुलगी आहे आणि ही रात्र जाऊ नये म्हणून ती तिला घट्ट धरून बसली आहे. शेवटच्या गाण्याचं नाव 'पुस पुस'. स्वीडिशमध्ये फोन ठेवताना, निरोप घेताना जवळच्या माणसाला म्हणतात तो शब्द, 'पापा' म्हणावा तसा. एवढ्या धांगडधिंग्यानंतर अल्बम फोन ठेवतो, ही गोष्ट मला फार आवडली.

हे कौशल्य येतं कुठून याची चर्चा नेहमी होते. मॅक्स मार्टिन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांची गाणी नक्की ऐकली आहेत. १९९८ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सला जगभर पोचवणारं पहिलं गाणं त्यांनीच लिहिलं आणि ते स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओत तयार झालं. तेही कोमल गंधाराचंच. मार्टिन सुरुवातीला एका मेटल बँडमध्ये गायचे, आणि त्याआधी पालिकेच्या संगीतशाळेत फ्रेंच हॉर्न शिकले होते. माझं सगळं श्रेय त्या सरकारी संगीतशिक्षणाला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. स्वीडनमध्ये बहुतेक पालिका अशा शाळा चालवतात. फी अगदी थोडी, काही ठिकाणी नाहीच, वाद्यही भाड्याने मिळतं. चार पोरांनी बँड काढला तर लोकशिक्षण संस्था त्याची 'अभ्यासमंडळ' म्हणून नोंद करतात आणि सरावाला खोली देतात. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षाही कमी. एवढ्याशा देशात इतक्या प्रकारचं संगीत का पिकतं याचं मोठं उत्तर मला त्या सराव-खोल्यांत दिसतं. ज्या खोलीत मंगळवारी मेटल वाजतं, तिथेच गुरुवारी कुणीतरी लोकधून बसवत असतं.

लोकधुनीचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा बसू. कारण हुरहुरीचा उगम तिथे आहे.

स्वीडनचं मुख्य लोकनृत्य 'पोल्स्का'. मोजायला तीन मात्रा, पण त्या तिन्ही सारख्या नसतात. कुठल्या गावात दुसरी मात्रा लवकर येते, कुठे पहिली आखडते, कुठे एखादी लांबते. प्रत्येक गावाची ओढ वेगळी आणि जाणता माणूस ओढीवरून गाव ओळखतो. लाटांवर चालणाऱ्या बोटीसारखा हा ताल किंचित डुलतो. शिवाय जुन्या वादकांचा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पियानोवर तो सापडणारच नाही. श्रुतींची सवय असलेल्या कानाला मात्र तो परका वाटत नाही. मधल्या जागेवरचा हा स्वर आनंदाचा की दुःखाचा हे ठरवता येत नाही, आणि न ठरणं हीच त्याची गोडी.

वाद्य ऐकायचं ते निकेलहार्पा. दिसायला जाडसर व्हायोलिनसारखं, पण गळ्यात पट्ट्याने अडकवून आडवं धरायचं. उजव्या हातात आखूड गज. डाव्या हाताची बोटं तारेवर नसतात, लाकडी पट्ट्यांवर असतात. पट्टी आत दाबली की तिच्यावरची खुंटी तारेला टेकते आणि स्वर उमटतो. आजच्या निकेलहार्पाला १६ तारा: तीन धुनीच्या, एक खर्जाची, आणि बाकी १२ तरफेच्या, ज्यांना कुणी हात लावत नाही. सतार-सारंगीत असतात तशाच. वाजणारा स्वर थांबला तरी त्या मागे गुणगुणत राहतात. गॉटलंड बेटावरच्या शेलुंगे चर्चच्या कमानीवर साधारण १३५० सालचं एक शिल्प आहे, त्यात दोन वादक असंच वाद्य घेऊन उभे दिसतात. जवळून ऐकलं की स्वराआधी पट्ट्यांची टकटक येते. रेकॉर्डिंगमध्येही ती काढत नाहीत आणि काढूही नये.

यासाठी 'वेसेन' या गटाचा 'रूल ऑफ थ्री' ऐका, २०१९ चा. निकेलहार्पा, व्हिओला आणि बारा तारांची गिटार, बस. उलोव्ह योहानसन यांची निकेलहार्पा म्हणजे आज या वाद्यातलं सर्वांत मोठं नाव म्हटलं तरी चालेल. १९९० मध्ये या वाद्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती त्यांनीच जिंकली होती. तिघं इतकी वर्षं एकत्र वाजवत होते की कोण धून धरतंय आणि कोण साथ करतंय हे सांगता येत नाही. हा अल्बम सकाळी ऐकावा. आणि लोकसंगीत आजचं होऊन, गाण्यासकट हवं असेल तर व्हायोलिनवादक-गायिका सारा पार्कमनचा २०२२ चा 'एरोस आगापे फिलिया' आहे. प्रेमाचे तीन ग्रीक शब्द, आणि त्यांत चर्चची प्रार्थना, लोकधून आणि यंत्राचे ठोके एकात एक विणलेले.

ही लोकधून जाझमध्ये शिरली त्याला एक माणूस कारण झाला. पियानिस्ट यान योहानसन यांनी १९६४ मध्ये 'याझ पो स्वेन्स्का', म्हणजे 'स्वीडिशमधलं जाझ', नावाचा अल्बम काढला. जुन्या लोकधुना, एक पियानो, एक बास. योहानसन सूर भरत नाहीत, ते जागा सोडतात. स्वीडनमध्ये हा आजवरचा सर्वांत खपलेला जाझ अल्बम. नव्या यादीत तो बसत नाही, पण पुढचं ऐकण्याआधी त्यातल्या दोन धुना ऐकून घ्या.

पुढचं म्हणजे एस्ब्यॉर्न स्वेन्सन. त्यांचं त्रिकूट 'ई. एस. टी.' या नावाने ओळखलं जायचं. जाझ ऐकायला तरुण पोरं रॉकच्या मैफलीसारखी रांगा लावत, आणि अमेरिकेच्या 'डाउनबीट' मासिकाच्या मुखपृष्ठावर २००६ मध्ये प्रथमच एक युरोपीय जाझ बँड आला, तो हाच. १४ जून २००८ रोजी स्टॉकहोमजवळ समुद्रात डायव्हिंग करताना स्वेन्सन गेले. वय ४४.

त्यांच्या पत्नी एव्हा यांनी तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवरचं सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवून दिलं. उघडायचं धाडस होत नव्हतं. जवळजवळ दहा वर्षांनी त्यांनी ती डिस्क ध्वनितंत्रज्ञाकडे नेली. आत एकट्या पियानोचे नऊ तुकडे निघाले, मृत्यूच्या काही आठवडे आधी स्वेन्सन यांनी घरी बसून रेकॉर्ड केलेले. कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या तुकड्यांना आल्फापासून आयोटापर्यंत ग्रीक अक्षरांची नावं दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये 'होम. एस.' हा अल्बम आला.

या संपूर्ण लेखातून एकच अल्बम ऐकणार असाल तर हा ऐका. मी तो पहिल्यांदा जुलैतल्या एका रात्री ऐकला. वीज गेलेली, मोबाइलवर १८ टक्के चार्जिंग, बाहेर पावसाची संततधार. तब्बल ३६ मिनिटं मी खिडकीपाशी बसून होते. त्यात कुठे बाखची शिस्त ऐकू येते, कुठे जाझची मोकळीक, आणि मध्येच एखादी साधी धून अशी येते जी लोकगीत असावी असं वाटतं, पण नसते. डावा हात एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरवतो, उजवा हात काहीतरी शोधत वर जातो, थबकतो, परत येतो. समोर श्रोता नाही, त्यामुळे वाजवणाऱ्याला काही सिद्ध करायचं नाही. आपण चुकून दाराआड उभे आहोत, असं वाटत राहतं. आणि ज्याला पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं तो माणूस वाजवतोय, आपल्याला मात्र ठाऊक आहे. कोमल गंधाराचीही गरज नाही. हुरहूर तिथे आधीच येऊन बसलेली आहे.

मोठ्या ताफ्याचं जाझ हवं असेल तर माट्स गुस्टाफसन यांच्या 'फायर! ऑर्केस्ट्रा'चा २०२३ चा 'एकोज' आहे. चाळीसहून जास्त वादक. हा मात्र शांतपणे ऐकायचा प्रकार नव्हे.

आता मेटल. इथे बरेच जण परत फिरतात, कारण तो घशातून येणारा गुरगुराट. तो आवाज म्हणजे राग नव्हे, ते एक वाद्य आहे असं समजून बघा. त्या गुरगुराटाला स्वराची उंची जवळजवळ नसते, असतो तो पोत. म्हणजे धून सांगायचं काम गिटारवर येतं. १९९० च्या दशकात गोथेनबर्ग शहरातल्या पोरांनी नेमकं हेच ओळखलं. वर खरखरीत आवाज आणि खाली दोन गिटारींनी मिळून वाजवलेली, लोकगीतात शोभावी अशी उदास धून. जगभर ती 'गोथेनबर्गची शैली' म्हणून पसरली. पुढच्या वेळी असं गाणं लावाल तेव्हा आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त गिटार गुणगुणून बघा. पोल्स्काची चुलत बहीण भेटेल.

यातला आजचा सर्वांत समृद्ध अल्बम म्हणजे 'ओपेथ'चा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', २२ नोव्हेंबर २०२४ चा. एका श्रीमंत घराण्याचा कर्ता पुरुष गेला आहे, काळ पहिल्या महायुद्धानंतरचा, मुलं जमली आहेत आणि मृत्युपत्राचं वाचन चालू आहे. गाण्यांना नावंच नाहीत, मृत्युपत्राच्या कलमांसारखे एक ते सात असे आकडे आहेत. मिकाएल ओकरफेल्ट यांनी २००८ नंतरच्या अल्बमांत गुरगुराट सोडून दिला होता, इथे तो परत आणला. आणि का आणला ते ऐकताना पटतं: मेलेला बाप जेव्हा कागदातून बोलतो तेव्हा तो आवाज हवाच. मध्येच बासरी येते, ती 'जेथ्रो टल' या ब्रिटिश रॉक बँडच्या इअन अँडरसन यांची. कथनाचा आवाजही काही ठिकाणी त्यांचाच आहे. सात कलमं संपली की आठवं, शेवटचं गाणं लागतं. त्याला मात्र नाव आहे, आणि ते इतकं मऊ, इतकं सुरेल आहे की आधीचा सगळा गडगडाट त्यासाठीच होता असं वाटतं. त्यात कुठलं गुपित उघडतं ते सांगत नाही. एकच विनंती: अ‍ॅपवर गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं बटण बंद ठेवा. ही गोष्ट आहे, क्रमानेच ऐकायची.

'मेशुगा' हा उमेओ या उत्तरेकडच्या शहरातला बँड. त्यांचा २०२२ चा 'इम्युटेबल' म्हणजे गणिती डोक्याच्या माणसांना मेजवानी. ड्रमरचा एक हात झांजेवर साध्या चार मात्रांचा ठेका धरून असतो. त्याचे पाय आणि गिटारी मात्र वेगळ्याच लांबीचा तुकडा वाजवतात. समजा चौकट १६ ची आणि तुकडा १५ चा. प्रत्येक आवर्तनात तुकडा एक घर मागे सरकत जातो, कान गोंधळतो, आणि चार किंवा आठ आवर्तनं झाली की उरलेला भाग कापून सगळे धाडकन समेवर येतात. तिहाई ऐकताना मान जशी आपोआप हलते तशीच इथेही हलते. २०२३ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवात वाजवून गेले, तेव्हा मैदानातली पोरं बोटांवर मात्रा मोजत असतील अशी माझी खात्री आहे. हुरहूर इथे कमी आहे, मान्य. पण 'दे मूव्ह बिलो' हा बिनशब्दांचा लांब तुकडा लावा. त्याची पहिली काही मिनिटं एकटी गिटार आहे, निर्जन रस्त्यासारखी.

आणि 'घोस्ट'. लिनशॉपिंगचा बँड, मुखवटे घातलेले वादक, खोट्या पोपच्या वेशातला गायक. एप्रिल २०२५ मध्ये आलेला त्यांचा 'स्केलेटा' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. वेश बघून बिचकू नका. आत निखळ पॉप आहे, मोठमोठी धृपदं आहेत, आणि मरण, पश्चात्ताप, प्रेम यांबद्दलची अगदी साधी गाणी आहेत. या अल्बमच्या दौऱ्यात त्यांनी प्रेक्षकांना मोबाइल पिशवीत बंद करून ठेवायला लावले. मला हे फार योग्य वाटतं.

इथून पुढचा भाग माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, कारण इथे एक धागा थेट आपल्या अंगणात येतो.

गोथेनबर्गच्या एर्ग्रीते भागातल्या नव्या चर्चमध्ये एक मोठा पाइप ऑर्गन आहे. तो आहे आजचा, पण सतराव्या शतकातल्या जर्मन कारागिराच्या पद्धतीने, संशोधन करून बनवलेला. त्याचे सूरही जुन्या पद्धतीने लावलेले आहेत. आपल्याकडे हार्मोनिअमबद्दल जो वाद झाला तो आठवा: पेटीचे स्वर सर्व पट्ट्यांत चालावेत म्हणून थोडे थोडे सरकवलेले असतात, त्यामुळे तानपुऱ्याशी ते पूर्ण मिळत नाहीत. युरोपातही ही तडजोड हळूहळू रूढ झाली. त्याआधीच्या पद्धतीत काही पट्ट्यांतले गंधार अगदी शुद्ध वाजत आणि काही जागी सूर लांडग्यासारखे विव्हळत. आना फॉन हाउसवोल्फ या स्वीडिश गायिका-संगीतकाराने २०२० चा 'ऑल थॉट्स फ्लाय' हा अल्बम पूर्णपणे या एका ऑर्गनवर केला. शब्द नाहीत, दुसरं वाद्य नाही. ऐकताना नळ्यांतली हवा जाणवते, एखादं मोठं जनावर जवळ झोपून श्वास घेत असावं तशी. तिचाच ऑक्टोबर २०२५ चा 'आयकॉनोक्लास्ट्स' याच्या उलट, भरगच्च आणि गर्जणारा आहे. त्यात सॅक्सोफोन आहे, तिचा स्वतःचा तो जबरदस्त आवाज आहे, आणि एका गाण्यात अमेरिकी रॉक गायक इगी पॉपही आहे. पहिला रात्री ऐका, दुसरा मोठ्या स्पीकरवर.

आता तो धागा. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, म्हणजे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. किराणा घराणं म्हणताच आपल्याला मिरज आठवतं, अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात, एकेका स्वरावर रेंगाळणं आठवतं. प्राणनाथजींकडे ला माँट यंग आणि मेरियन झाझीला हे अमेरिकी दांपत्य शिकलं, आणि स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या संगीतकार कॅथरिन क्रिस्टर हेनिक्सही शिकल्या. हेनिक्स २०२३ मध्ये गेल्या. पुढच्या पिढीतली एलेन आर्कब्रो ही स्वीडिश संगीतकार यंग-झाझीला यांच्याकडे शिकून आली. म्हणजे तानपुऱ्यापाशी बसून एक स्वर शांतपणे ऐकण्याची किराण्याची शिकवण तीन पिढ्यांचा वळसा घेऊन स्वीडनमध्ये पोचली. आर्कब्रोचे ऑर्गनचे तुकडे ऐकताना हे ठसठशीत कळतं. दोन स्वर धरलेले, तेवढेच, मिनिटामागून मिनिट. काहीच घडत नाही असं वाटतं. मग त्या दोन स्वरांमध्ये तिसरा ऐकू येऊ लागतो, जो कुणी वाजवलेला नाही. जुळलेल्या तानपुऱ्यातून गंधार आपोआप ऐकू येतो तो अनुभव ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

सुरुवात तिच्या २०२२ च्या अल्बमने करा. योहान ग्राडेनसोबत केलेला आहे, नाव 'आय गेट अलाँग विदाउट यू व्हेरी वेल'. इथे ती गाते. गाणी अतिशय संथ, साथीला खालच्या सुरांची वाद्यं. आवाज इतका हलका की वाक्य पूर्ण करेल की नाही असं वाटावं.

बाकीचे दोन-तीन पटापट सांगते. होसे गोन्सालेस गोथेनबर्गचाच. त्याचे आई-वडील १९७६ च्या लष्करी उठावानंतर अर्जेंटिनातून तिथे आले. २०२१ च्या 'लोकल व्हॅली'त तो पहिल्यांदाच इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि स्वीडिशमध्येही गातो, हातात नायलॉनच्या तारांची गिटार. रविवारी दुपारी जेवणानंतर लावण्यासारखा. 'फर्स्ट एड किट' म्हणजे क्लारा आणि योहाना सोडरबर्ग या बहिणी. त्यांचा २०२२ चा 'पालोमिनो' प्रवासात ऐका. सख्ख्या बहिणींचे आवाज जेव्हा एकमेकींना टेकतात तेव्हा जो गोडवा येतो तो शिकवून येत नाही. आणि सगळं झटकून टाकावंसं वाटलं तर 'व्हायग्रा बॉइज'चा २०२५ चा अल्बम, पंक आणि सॅक्सोफोन. त्यात हुरहूर शोधत बसू नका.

एक अल्बम मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो माझ्या या हुरहुरीच्या हिशेबात बसत नाही आणि बसवूही नये. स्वीडनच्या उत्तरेला सामी लोक राहतात, तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या गाण्याला 'योइक' म्हणतात. योइक कुणाबद्दल नसतो. सामी म्हणतात, मी लांडग्यावर योइक गात नाही, मी लांडग्याला योइकतो. ते गाणं म्हणजेच तो लांडगा, ती आजी, तो डोंगर. शब्द थोडे, कधी नसतातच. एक छोटी आकृती फिरत राहते, तिला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. सतराव्या शतकात पाद्र्यांनी सामींचे ढोल जाळले, योइक पाप ठरवला, आणि पुढे शाळांनी भाषाही दाबली.

कातारिना बारुक 'उमे सामी' या भाषेत गाते. ही भाषा बोलणारे आज काही डझनच उरले आहेत असं मानतात. तिचा २०२२ चा अल्बम 'रुह्तुओ'. आधुनिक साथ आहे, सिंथेसायझर आहे, तंतुवाद्यं आहेत, पण आवाज मध्ये येतो तेव्हा ते सगळं बाजूला होऊन वाट देतं. मला एकही शब्द कळत नाही. तरी काही जागी ती कुणाला तरी खोलीत बोलावते आहे हे कळतं, आणि तो कुणीतरी आल्यासारखं वाटून मी दोनदा मान वर करून दाराकडे पाहिलं आहे.